बेवारस लेखणी

गेल्या पावसाळ्यात आबांचा संगणक गेला. ‘गेला’ हा शब्द त्यांचाच. एखादा जुना स्नेही गेल्याची वार्ता सांगावी तशा स्वरात त्यांनी मला फोनवर ते सांगितले, आणि कोण गेले, असे विचारण्याच्या बेतात मी क्षणभर होतोही.

आबा काचीगुड्याला आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. हैदराबादेतील एका मराठी शाळेत त्यांनी हयात घालविली. आता वय चौऱ्याऐंशी. लेखणी हाती धरली की उजवा हात थरथरू लागतो आणि अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नाही. परंतु कळफलकावर एक बोट नेमके टेकविणे त्यांना साधते. म्हणून बारा वर्षांपूर्वी, मी नोकरीत नुकताच लागलो होतो तेव्हा, मीच त्यांना एक सोय दाखविली होती. रोमन अक्षरांत मराठी शब्द टंकित करावा आणि लांब पट्टी दाबताच तो देवनागरीत उमटावा, अशी ती सोय. एका मोठ्या परदेशी कंपनीने ती फुकट देऊ केली होती. त्याच सायंकाळी त्यांनी आपल्या संगणकावर आणि मी माझ्या लॅपटॉपवर ती उतरवून घेतली. आबांनी पहिला शब्द लिहिला तो ‘आई’. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हे बरे झाले हो!”

तेव्हापासून ते आपल्या आठवणी लिहीत आहेत. नातवंडे बंगळुरूला असतात आणि त्यांना मराठी वाचता येत नाही, हे आबांना ठाऊक आहे. तरी ते लिहितात. जुने हैदराबाद, सुलतान बाजारातील वडिलांचे किराणा दुकान, दख्खनी बोलणारे शेजारी, असे त्यात पुष्कळ काही आहे. आणि माझ्या मते त्यातले थोडेसेच अन्यत्र कोठे लिहिले गेले असेल.

मुलाने नवा संगणक पाठविला. त्यात सारे होते, केवळ ती सोय नव्हती. शोधू गेलो तेव्हा कळले, की संगणकावर बसविण्याजोगी ती आवृत्ती कंपनीने आपल्या संकेतस्थळावरून केव्हाच काढून घेतली आहे. जाळ्यावर जाऊन ती वापरता येते; परंतु आबा पहाटे चारला लिहावयास बसतात आणि त्यांच्या घरी जाळे त्या वेळी असेल याचा नेम नसतो. विंडोजमध्येही २०१९ पासून मराठीचा ध्वन्यनुसारी कळफलक मिळतो. तो मी त्यांना लावून दिला. दोन दिवसांनी ते म्हणाले, “याचे संकेत निराळे आहेत. माझ्या बोटाला बारा वर्षांची सवय. बोट आता शाळेत जाण्याच्या वयाचे राहिले नाही.” आणि मग सहज, मीठ मागावे तसे: “तुझ्याजवळ ती मूळ फाईल असेलच. तू कागदाचा कपटासुद्धा टाकीत नाहीस. पेनड्राइव्हवर घालून आण, बाळ.”

मी ‘आणतो’ म्हटले. फाईल होतीच. कपाटातील एका जुन्या पेनड्राइव्हवर, पगाराच्या पावत्या आणि कन्येच्या बारशाची छायाचित्रे यांच्या शेजारी, बारा वर्षे ती पडून होती.

आता एक योगायोग सांगितला पाहिजे. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क आहे. त्याच आठवड्यात माझ्या मेजावर एक नस्ती आली होती. परवाना नसलेले सॉफ्टवेअर कोणी वापरू नये, या आशयाचे परिपत्रक काढावयाचे होते आणि त्याचा मसुदा मीच केला होता. ‘विनापरवाना प्रत करणे, देणे अथवा घेणे हा कायद्याने अपराध आहे’, हे वाक्य माझे. साहेबांनी एक स्वल्पविरामही न बदलता खाली सही केली. कारकुनाच्या आयुष्यात असे क्षण वारंवार येत नाहीत, त्यामुळे त्या वाक्याचा मला किंचित अभिमानच वाटला होता. सायंकाळी घरी येऊन पेनड्राइव्ह हातात घेतला, तो तेच वाक्य माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

प्रवासभत्त्याच्या नियमातील प्रत्येक पोटकलम वाचणारा मी, त्या सोयीसोबत आलेला करार बारा वर्षांत वाचला नव्हता. ‘मला मान्य आहे’ या चौकटीत खूण करून मोकळा झालो होतो. त्या रात्री वाचला. मिळालेली परवानगी माझ्यापुरती होती. ती दुसऱ्याकडे सुपूर्द करता येत नव्हती. आणि प्रती वाटण्याचा अधिकार मला कोठेही दिलेला नव्हता. पैसे घेतले नव्हते इतकेच. वस्तू त्यांची ती त्यांचीच होती.

मग मी १९५७ चा प्रताधिकार कायदा काढून बसलो. या कायद्यात एक गंमत आहे, जी साहित्याच्या वाचकांना आवडावी. संगणकाची आज्ञावली तो वाङ्मयकृतीत मोडतो. म्हणजे कविता, कादंबरी आणि आबांची ती टंकनाची सोय ही कायद्याच्या शाळेत एकाच बाकावर बसतात. तथापि शिक्षेच्या बाबतीत आज्ञावलीसाठी स्वतंत्र कलम आहे, ६३ब. अवैध प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवसांचा आणि जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास, शिवाय ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. नफ्यासाठी अथवा व्यापारात वापर नसेल तर न्यायालय सबळ कारण नमूद करून कारावास टाळू शकते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आबा आणि त्यांचे ते एक बोट यांना न्यायालयापुढे उभे करून पाहण्याचा मी प्रयत्न केला. पण चित्र काही जमेना.

त्याच कायद्यात ५२ वे कलम आहे. आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे विधिवत् आहे, त्याने ती नष्ट होण्याच्या भयाने एक राखीव प्रत करून ठेवली तर तो अपराध नव्हे. म्हणजे माझ्या पेनड्राइव्हवरची प्रत मजजवळ राहील तोवर तिला बाध यावयाचे कारण नव्हते. आबांनी त्या सायंकाळी अशीच एक प्रत आपल्या कपाटात ठेवली असती, तर तीही अशीच निर्दोष ठरली असती. त्यांनी ती ठेवली नाही. आता माझी प्रत आणि त्यांची हरवलेली प्रत यांत एका बिंदूचाही फरक नाही. एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, एकाच करारावर खूण करून आम्ही दोघांनी त्या घेतल्या. पण माझ्या कपाटात जी साव, ती दोन गल्ल्या ओलांडताच चोर! हा प्रश्न मी मनात उलटसुलट करून पाहिला. कायदा त्यात कोठे चुकतो आहे असे मला म्हणता येईना, आणि तो बरोबर आहे असे तर त्याहून म्हणवेना.

बंद झालेल्या अशा सॉफ्टवेअरला लोक सरसहा बेवारस म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी ‘अबॅन्डनवेअर’ असा शब्दही रूढ झाला आहे. कायद्याला हा शब्द ठाऊक नाही. ज्या कृतीचा कर्ता वारला आहे, अज्ञात आहे किंवा मालकाचा ठावठिकाणा लागत नाही, अशा कृतीसाठी आपल्याकडे ३१अ या कलमात परवान्याची एक वाट ठेवलेली आहे. येथे तीही उपयोगी नाही. कारण मालक हरवलेला नाही. त्याचे दुकान गजबजलेले आहे, केवळ ही वस्तू फळीवर नाही. आणि मुदत संपण्याची वाट पाहावी तर ती लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस सर्वांना खुले होणार, तोच १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. गीतांना साठ वर्षे काही फार नव्हेत. पण एवढ्या अवधीनंतर आबांची आज्ञावली चालेल असे यंत्र वस्तुसंग्रहालयात तरी मिळेल की नाही कोण जाणे.

मी असा कलमांत गुंतलेला असताना आबांच्या भाच्याने प्रश्न परस्पर सोडविला. कोठल्याशा संकेतस्थळावरून त्याच नावाची एक फाईल त्याने उतरवली आणि आबांच्या नव्या संगणकावर बसविली. त्यानंतर तीन दिवस आबांच्या पडद्यावर मराठी सोडून जगातील सर्व काही उमटत होते. जुगाराच्या जाहिराती, गुडघेदुखीची औषधे, ‘आपला संगणक धोक्यात आहे’ अशा धमक्या. शेवटी सारे पुसून संगणक मुळापासून उभा करावा लागला.

हे केवळ आबांच्याच वाट्याला आले असे नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘मूव्ही मेकर’ हे चित्रफिती जोडण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळे. २०१७ च्या जानेवारीत ते बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘ईसेट’ या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने जाहीर केले, की त्याच नावाचे एक बनावट संकेतस्थळ शोधयंत्रात वरच्या क्रमांकावर झळकत आहे आणि चित्रफीत जतन करण्याची वेळ आली की लोकांकडून पैसे मागत आहे. मूळ मालकाने जे कधी विकले नाही, ते चोराने विकावयास काढले. वस्तू फळीवरून उचलली म्हणून तिची गरज उचलली जात नाही. आणि गरजेपाशी सच्चा माणूस उभा राहिला नाही की लुच्चा उभा राहतो. ती रिकामी जागा माझ्या पेनड्राइव्हला भरता येत होती, आणि मी कलमे वाचीत बसलो होतो, ही टोचणी मला त्या तीन दिवसांत बरीच लागली.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, ‘फुकट’ आणि ‘मुक्त’. इंग्रजीत दोहोंचे काम एकच शब्द करतो आणि त्यातून फार घोटाळे झाले आहेत. फुकट म्हणजे दाम नाही. मुक्त म्हणजे बंधन नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केली आणि १९८९ मध्ये त्यासाठी ‘जीपीएल’ नावाचा परवाना लिहिला. त्याचे मर्म असे: वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र देताना हीच मोकळीक त्यालाही द्या. अशी वस्तू कर्त्याने पुढे टाकून दिली तरी घेणाऱ्याच्या हातून ती काढून घेता येत नाही. फुकट वस्तूचे तसे नसते. ‘पिकासा’ हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर गूगलने २००४ मध्ये विकत घेऊन फुकट वाटले आणि २०१६ च्या मार्चात त्याचा सांभाळ थांबविला. कोणाची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. अतिथीला जेवू घालणाऱ्याने खानावळ जन्मभर चालवीन असे लिहून दिलेले नसते. पण जेवणारेही कधी विचारीत नाहीत, आणि आम्हीही विचारले नव्हते.

फुकटाचे मुक्त कसे होते याचे एक उदाहरण मला फार आवडते. ‘ब्लेंडर’ हे त्रिमिती चित्रे घडविण्याचे सॉफ्टवेअर एका डच कंपनीने फुकट उपलब्ध केले होते. २००२ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि ब्लेंडरचा हक्क भांडवलदारांकडे अडकून राहिला. त्याचे कर्ते टॉन रूझेंडाल यांच्यापुढे तेव्हा दोन मार्ग होते. प्रती गुपचूप फिरू द्याव्यात, किंवा मालकाला जाऊन भेटावे. ते भेटले. एक लाख युरो दिल्यास आज्ञावलीचा मूळ पाठ जगाला खुला करू, असे भांडवलदारांनी मान्य केले. जुलैत रूझेंडाल यांनी वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली आणि सात आठवड्यांत ती रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल परवान्याखाली मुक्त झाले. २०२५ मध्ये ‘फ्लो’ या लॅट्वियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तो चित्रपट ब्लेंडरवरच घडविलेला आहे. वर्गणी काढून गणपती बसविणाऱ्या आमच्यासारख्यांना यातले काहीच नवीन वाटू नये. तरी वर्गणी काढून एक आज्ञावली सोडवून आणता येते, हे आमच्या मंडळात कोणाला सुचले नसते हेही खरे.

याच्या उलट प्रकार ‘विनॲम्प’चा. गाणी वाजविणारे हे जुने सॉफ्टवेअर. त्याचा मूळ पाठ २०२४ च्या सप्टेंबरात मालकांनी प्रकाशित केला, पण परवान्यात लिहिले की बदललेली आवृत्ती कोणी वाटू नये. दार उघडले आणि उंबऱ्यावर पहारेकरी बसविला! लोकांनी टीका केली आणि महिन्याभरातच तो पाठ मागे घेण्यात आला.

आपल्याकडे हक्क सोडणे काही अवघड नाही. २१ व्या कलमानुसार कर्ता जाहीर सूचना देऊन आपला हक्क पूर्णतः वा अंशतः सोडू शकतो. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती १९१० मध्ये छापली, तेव्हा सारे हक्क राखून ठेवण्याच्या रिवाजाऐवजी एकही हक्क राखलेला नाही असे तीवर छापले. एका ओळीचे काम. मालक ही ओळ का लिहीत नाहीत, याचा मी त्यांच्या बाजूनेही विचार करून पाहिला. जुन्या आज्ञावलीत इतरांकडून घेतलेले भाग असतात आणि ते मोकळे करण्याचा अधिकार त्यांनाही नसतो. तिच्यात राहिलेल्या छिद्रांतून उद्या कोणाचे नुकसान झाले तर बोट त्यांच्याकडेच दाखविले जाईल. ही कारणे खोटी नाहीत. पण पुष्कळदा, मला वाटते, कारण एवढेच असते की त्या नस्तीवर टिपणी लिहिणारा कोणी उरलेला नसतो. कार्यालयातील अनुभवावरून हे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो.

शेवटी मी कारकुनाने करावे तेच केले. अर्ज लिहिला. कंपनीच्या संकेतस्थळावर अभिप्रायाची जागा होती, तेथे सविनय कळविले की आपण बंद केलेल्या अमुक सोयीची एक प्रत मजजवळ आहे, ती एका वृद्ध गृहस्थांना, ज्यांनी पूर्वी ती आपणांकडूनच घेतली होती, विनामूल्य देण्यास अनुज्ञा असावी. क्षणार्धात पोच आली. आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा वाटतो, असे तीत होते. महिना उलटला, दुसरे काही आले नाही.

त्या महिन्यात आबांनी एक ओळ लिहिली नाही. वहीत लिहून पाहिले असावे, कारण त्यांच्या टेबलावर मी थरथरत्या रेघांनी भरलेले एक पान पाहिले. मी पाहिले हे लक्षात येताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र सरकविले. पेनड्राइव्ह खिशात होता. मी त्यांना सारे सांगितले. परिपत्रक, करार, कलमे, अर्ज. शिक्षकाने विद्यार्थ्याचे पाठांतर ऐकावे तसे ते ऐकत होते.

“म्हणजे उसनी आणलेली वस्तू,” ते म्हणाले. “देणारा गाव सोडून गेला, तर ती आपली होते का?”

“नाही होत, आबा.”

“आणि परत करायची तर कोणाला?”

मी गप्प राहिलो.

“मागायला तो येणार आहे?”

“बहुधा नाही. पण त्याने येऊ नये म्हणून ती आपली होते असेही नाही.”

“हे मलाही कळते रे,” आबा म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. “बसव तू. आणि तुझ्या नस्तीत लिही, की आबांच्या सांगण्यावरून. उरले किती दिवस? तीन वर्षे म्हणालास ना जास्तीत जास्त? तेवढी मिळाली तर लिहून पुरे होईल.”

मी ती बसविली. ती योग्य गोष्ट केली असे मी येथे म्हणत नाही. परिपत्रकातील वाक्य अजून आमच्या कार्यालयाच्या फलकावर आहे. जाता-येता ते माझ्याकडे पाहते आणि मी बहुधा घड्याळाकडे पाहतो.

स्वतःपुरते मात्र मी एक केले. माझ्या लॅपटॉपवरून ती सोय काढून टाकली आणि इनस्क्रिप्ट शिकावयास बसलो. भारतीय भाषांचा हा कळफलक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आला आणि आज बहुतेक संगणकांत तो आरंभापासूनच असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. हिंदीसाठी, मराठीसाठी, एवढेच काय शेजारच्या टेबलावरील तेलुगूसाठीही तीच मांडणी. कोणा एका कंपनीच्या मर्जीवर तो नाही. शाळेत असताना हे कोणी सांगितले असते तर! पस्तिशी ओलांडल्यावर बोटे वळता वळत नाहीत. पहिले दोन आठवडे ‘प’च्या जागी ‘र’ पडे आणि ‘पत्र’चे ‘रत्र’ होई. ‘ळ’ सापडला तेव्हा, शिफ्ट धरून ‘ल’, मला लहान मुलासारखा आनंद झाला. हा लेख मी त्याच कळफलकावर लिहीत आहे, आणि लिहिण्यास लागलेला वेळ संपादकांना ठाऊक आहे.

परवा रात्री आबांचा फोन आला. आठवणी सप्टेंबर १९४८ पर्यंत आल्या आहेत. भारतीय सैन्य हैदराबादेकडे निघाले होते आणि सारे शहर दारे लावून बसले होते. आबा तेव्हा सात वर्षांचे. त्या पाच दिवसांत दुकानात एकही गिऱ्हाईक फिरकले नाही आणि वडील रिकाम्या तागडीसमोर तसेच बसून राहिले, असे त्यांना लिहावयाचे होते. पण ‘गिऱ्हाईक’ काही केल्या नीट उमटत नव्हते. ‘र’ उडून ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसत होता. “शुद्धलेखनात गुण कापले असते मी याचे,” ते म्हणाले. “तुझ्या त्या नव्या पद्धतीत निघतो का रे हा?”

“निघतो, आबा. शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग ह.”

“मला नको सांगूस. तू लिही आणि पाठव. मी तेवढा उचलून घेतो.”

मी दिवा लावला, तो एक शब्द टंकित केला आणि त्यांना पाठविला.